झाडं लावायला गेले आणि तीन पावसाळे पाण्याशी भांडले

फेब्रुवारी २०२१ मध्ये एका ठेकेदाराचा फोन आला. मॅडम पंधरा हजार रोपं पाहिजेत, लावूनही द्याल का? माझी चंद्रपूर जिल्ह्यात छोटी रोपवाटिका आहे, ग्रामपंचायतींना वगैरे दरवर्षी रोपं देते, त्यामुळे मला वाटलं यात काय एवढं, खड्डे करायचे, लावायचं, दोन वर्षं निगराणी करायची. रोपामागे ११० रुपये ठरले, सगळं धरून. जागा राजुऱ्याकडची, कोळशाची एक बंद झालेली खुली खाण, आणि तिच्या कडेला टाकलेला मातीचा डोंगर. आमच्याकडे त्याला सगळे ओबीच म्हणतात, ओव्हरबर्डनचं ओबी. कोळशाच्या वरची जी माती, मुरूम, वाळूचा खडक काढून बाजूला फेकतात ते. आपल्या वाट्याला सहा हेक्टर उतार आणि हेक्टरी २५०० झाडं, असा हिशोब.

गेल्या वर्षभरात असं काम घेतलेल्या तीन-चार जणांनी फोन करून विचारलं म्हणून एकदाचं सगळं लिहून काढते. कंपनीचं आणि ठेकेदाराचं नाव लिहिणार नाही, त्याने काही फरकही पडत नाही.

मार्चमध्ये पहिल्यांदा वर चढले तेव्हा खरं सांगायचं तर पोटात गोळाच आला. साधारण ४५ मीटर उंच, तीन थरांत टाकलेला ढीग, पायाखाली पिवळट-लालसर कामठी वाळूखडकाचे तुकडे, मध्येच काळ्या शेलचे म्हणजे पापुद्रे सुटणाऱ्या चिकणदगडाचे पट्टे, आणि वरून खाली गेलेल्या ओघळी, काही तर माणूस उभा राहील एवढ्या खोल. डंपरने नुसती ओतलेली माती साधारण ३७ अंशांच्या उतारावर थांबते, त्यावर चालताना प्रत्येक पावलाला अर्धं पाऊल मागे घसरतो आपण. झाड म्हणावं तर फक्त विलायती बाभूळ, तीही कडेला.

आता कागदपत्रं. हे मला कोणी आधी सांगितलं नव्हतं की खाण बंद असली तरी जमिनीचा पट्टा म्हणजे लीज खाणीचीच असते, त्यामुळे आत काम करणाऱ्या प्रत्येकाची वैद्यकीय तपासणी (तिचा दाखला म्हणजे फॉर्म ओ), मग व्हीटीसीचं म्हणजे व्होकेशनल ट्रेनिंग सेंटरचं प्रशिक्षण, मग पोलीस व्हेरिफिकेशन, पीएफ, आणि त्यानंतर गेटपास. माझ्यासोबत येणाऱ्या बचत गटाच्या अठरा बायका. त्यातल्या सहा जणींच्या आधार कार्डावर जन्मतारीख म्हणून नुसतं १ जानेवारी, आणि दोघींचं माहेरचं नाव, ते दुरुस्त करण्यातच तीन आठवडे गेले. तेवढ्यात एप्रिल २०२१, कोरोनाची दुसरी लाट, व्हीटीसीच बंद. आमची बॅच लागली जूनच्या शेवटी आणि पास हातात आले ५ जुलैला. म्हणजे खड्डे उन्हाळ्यात व्हायला पाहिजे होते ते भर पावसात सुरू. तुम्ही असं काम घेणार असाल तर वर्कऑर्डरची वाट न बघता माणसांचे आधार, बँक पासबुक, फोटो आजच तपासून ठेवा. आणि गमबूट स्वतःचे न्या, स्टोअरमध्ये बायकांच्या मापाचे नसतातच.

पहिल्या वर्षी मी जी चूक केली ती नीट लिहिते, कारण ती चूक महाराष्ट्रात शेती किंवा पाणलोट शिकलेला कुणीही करेल. मी बीएस्सी ॲग्री. कॉलेजपासून डोक्यात एकच बसलंय, पाणी अडवा पाणी जिरवा. उतार दिसला की सलग समतल चर, म्हणजे उताराला आडवे, एकाच उंचीवरून खणलेले. मी ए-फ्रेम, म्हणजे समपातळी काढायची लाकडी चौकट, घेऊन गेले, चुन्याने रेषा आखल्या, आणि बायकांनी अक्षरशः सब्बलीने ठोकून ठोकून ते चर काढले, चराच्या खालच्या भरावावर रोपं. बघायला इतकं सुंदर दिसत होतं की मी फोटो स्टेटसला ठेवला.

तिथे एक डोझरवाले मामा होते, तीस वर्षं खाणीत काढलेले. ते खालून बघत म्हणाले, "ताई, पाणी कोंडून ठेवलं तं डोंगर फुगते, मंग बसते." मी हसले. मनात म्हटलं यांना जलसंधारण काय माहीत.

जुलैच्या शेवटच्या आठवड्यात रात्रभर पाऊस झाला. सकाळी गेलो तर वरचा एक चर एका जागी फुटला होता, त्याचं सगळं पाणी दुसऱ्या चरात, तो फुटला, मग तिसरा, सरळ खालपर्यंत, आणि तिथे जी घळ पडली तिच्यात माझी सातशे-आठशे रोपं गेली. दुसऱ्या टोकाला फुटलं नाही, पण तिथे जमीनच कमरेएवढी खाली बसली, वर अर्धगोल भेग. ही नैसर्गिक टेकडी नाही ना, आत खाली धरून ठेवणारा खडक नाही, नुसती सैल भर, पोकळ्याच पोकळ्या. त्यात पाणी जिरवलं की ते आतून वाट काढतं, माती जड होते आणि सुटते. गावाकडच्या टेकडीवर जे पुण्याचं काम तेच इथे घातक. इथे पाणी अडवायचं नसतं, हळूहळू, वळवत, दगडावरून उतरवत खाली न्यायचं असतं. हे वाक्य लिहायला सोपंय, मला ते कळायला एक पावसाळा आणि साधारण दोन लाख रुपये लागले.

खालच्या नाल्यात गाळ गेला तो वेगळाच. नाल्याकाठच्या शेतकऱ्यांनी कपाशीत आलेला गाळ दाखवायला मला बोलावलं. चूक एकट्या माझी नव्हती, गाळ थांबवायची टाकी आधीपासूनच काठोकाठ भरलेली होती, पण उभी मीच होते त्यांच्या समोर. एक आजोबा काहीच बोलले नाहीत, नुसतं पानांवर चढलेला चिखल बोटाने पुसत राहिले.

ऑक्टोबरची मोजणी, जिवंत रोपं ४१ टक्के. करारात ८० पाहिजे होते. पहिलं रनिंग बिल, म्हणजे काम चालू असताना मिळायचं ते, अडकलं. दिवाळीत मी ठेकेदाराला सांगितलं होतं की सोडते. मग वाटलं बायकांचे पैसे तर द्यावेच लागतील, निदान काय झालं ते तरी समजून घेऊ.

नोव्हेंबरमध्ये दोन गोष्टी केल्या, दोन्ही स्वस्त. पहिली, लोखंडी गजाचे दोन-दोन फुटांचे चाळीस तुकडे कापून घेतले, रंगाचा पट्टा मारला आणि उतारावर पट्ट्यापर्यंत ठोकले. माती वाहून गेली की गज तेवढा उघडा पडतो, पट्टीने मोजायचं. वेल्डिंगवाल्याने भंगारातला गज दिला, अकराशे रुपयांत काम. एक सेंटिमीटर माती गेली म्हणजे हेक्टरी शंभर घनमीटर, म्हणजे जवळजवळ ३५ ब्रास (शंभर घनफुटांचा एक)! हे गणित मी खाणीच्या साहेबांसमोर वहीवर करून दाखवलं तेव्हा पहिल्यांदा त्यांनी खुर्ची पुढे ओढली.

दुसरी, माती परीक्षण. सहा जागचे नमुने. लॅबच्या फॉर्मवर विचारतात पीक कोणतं, सोयाबीन, कापूस, तूर, धान. मी इतर लिहिलं, तर त्यांनी रिपोर्टसोबत सोयाबीनची खतमात्रा छापून दिली. असो. सामू म्हणजे पीएच बहुतेक ठिकाणी साडेसात-आठ, ठीक, सेंद्रिय कर्ब आणि नत्र नावाला, आणि चाळल्यावर अर्ध्याहून जास्त नुसते दगड. पण काळ्या शेलच्या पट्ट्याचा सामू ३.९. तिथे पाऊस पडून ऊन आलं की गंधकासारखा वास यायचा आणि पिवळट भुकटी जमायची. त्या शेलमध्ये पायराइट असतं, हवा-पाणी लागलं की त्याचं आम्ल तयार होतं. तिथे मी तीनदा करंज लावून मारला होता आणि प्रत्येक वेळी पाणी घालणाऱ्या बाईला बोलले होते. तिची माफी मागितली नंतर.

रिपोर्ट घेऊन मी वाचत बसले, विचारत बसले. नागपूरच्या नीरी या पर्यावरण संशोधन संस्थेने विदर्भातल्या मँगनीज आणि कोळशाच्या खाणींच्या ढिगाऱ्यांवर साखर कारखान्याचं प्रेसमड (उसाचा रस गाळून उरलेला गाळ), जिवाणू खतं आणि मुळांवरची मायकोरायझा बुरशी वापरून हिरवळ आणली होती, ते वाचून कळलं की या मातीत नुसतं खत नाही, जीवच नाही, तो बाहेरून आणावा लागतो. आणि दुसरं कळलं की आधी गवत पाहिजे, झाड नंतर. झाडाच्या दोन खोडांमधली उघडी जमीन पावसाला तशीच मोकळी असते, गवत थेंबच अडवतं.

पण एस्टिमेटमध्ये गवत नव्हतंच. रोपं, खड्डे, शेणखत, पाणी, संपलं. गवत मोजणार कसं, एमबीत म्हणजे मेजरमेंट बुकात नग लिहायचे असतात हो, असं मला एकाने अगदी प्रेमाने समजावलं. इथे एका तरुण पर्यावरण अधिकाऱ्याने मदत केली. त्याने सांगितलं, ८ जानेवारी २०२० चा सर्वोच्च न्यायालयाचा आदेश आहे, खाणकाम संपल्यावर पट्टाधारकाने जमिनीवर पुन्हा गवत आणायचं, चारा, वनस्पती, प्राणी यांना योग्य करायची, आणि त्याच महिन्यात पर्यावरण मंत्रालयाचं पत्रकही निघालंय, ती अट पर्यावरण मंजुऱ्यांमध्ये घालण्याबद्दल. पत्रात एवढंच लिहा. मी दीड पानाचं पत्र लिहिलं, वर आदेशाचा उल्लेख, खाली ३५ ब्रासचं गणित, सोबत घळीचे फोटो.

पत्र डिसेंबर २०२१ ला दिलं. जानेवारीत विचारलं तर फाइल सर्व्हेकडे. फेब्रुवारीत फायनान्सकडे. मार्चमध्ये एका टेबलावर सापडली, चहाच्या कपाखाली नव्हे पण जवळपास तसंच. मंजुरी आली १९ एप्रिल २०२२ ला, जादा बाब म्हणून, गवत चौरस मीटरवर. तोवर मी अकरा चकरा मारल्या, जाऊन-येऊन ९० किलोमीटरची एक. एक युक्ती सांगते, प्रत्येक पत्राची आवक नोंद क्रमांकासह पोच घ्या आणि पुढच्या पत्रात तो क्रमांक लिहा, फाइल हरवली असं मग कोणी म्हणत नाही.

कंपन्यांनाही यात रस असतो हे पण लक्षात ठेवा. खाण बंद करण्याच्या आराखड्यासाठी हेक्टरप्रमाणे पैसे एस्क्रो, म्हणजे अट पूर्ण होईपर्यंत अडकवलेल्या, खात्यात ठेवावे लागतात (२००९ पासूनचा नियम), आणि झालेलं काम तपासून मगच त्यातले परत मिळतात. म्हणजे तुमचे फोटो आणि मोजमापं त्यांनाही हवीच असतात, भीक मागितल्यासारखं बोलायची गरज नाही.

मे २०२२. ४६ अंशात डोझर. आता मामांच्या हाताखाली मी. उतार २८ अंशांपर्यंत आणला, कंपनीच्या मंजुरीच्या अटींत एकूण उतार तेवढाच लिहिलेला होता. दोन थरांच्या मधली सपाट पट्टी, तिला बर्म म्हणतात, ती आधी बाहेर कललेली होती, म्हणजे वरचं सगळं पाणी कडेवरून खाली सांडायचं. ती आत कलवली, आतल्या कडेला नाली, नालीला हलका उतार, आणि दर ६०-७० मीटरवर दगड पिचिंग केलेली म्हणजे दगड बसवलेली, पाणी उतरायची उतरंड, खाली जाळीतले दगड म्हणजे गॅबियन, मग गाळटाकी. टाकी रिकामी करून घेतली, हे दरवर्षी ३१ मेच्या आत करायचंच. जुने चर सगळे बुजवले. बायका म्हणाल्या, "मागच्या साली खंदाले लावलं, अवंदा बुजवाले लावता, काहून जी?" काय उत्तर देणार.

मातीबद्दल अजून एक. वर पसरायला काळी माती मिळत होती फुकट, पण नुसती काळी माती उतारावर टाकू नका. ओली झाली की फुगते आणि सतरंजीसारखी सरकते, वाळली की भेगा. आम्ही मुरूम आणि काळी माती मिसळून टाकली. शेलच्या पट्ट्यावर आधी चुना आणि मग दीड फुटाचा थर, तिथे तो खर्च टाळता येतच नाही.

जूनमध्ये पहिला चांगला पाऊस झाल्यावर पेरणी. स्टायलो, दीनानाथ, मारवेल ही चाऱ्याची, आणि आमच्याच माळावरची कुसळ. स्टायलोचं बी कडक कवचाचं, तसंच टाकलं तर बरंचसं उगवतच नाही, साधारण ८० अंशांच्या पाण्यात चारेक मिनिटं ठेवून सुकवायचं. थर्मामीटर नव्हता तर एका मावशींनी चहाच्या पातेल्यावर अंदाज लावला, उकळी फुटायच्या आधी बुडबुडे चढतात तेव्हा उतरवायचं म्हणे, आणि बी उगवलं ना. बी वाळलेल्या शेणखतात मिसळून फेकलं, वरून तणस अंथरलं. तणस म्हणजे धानाचं, कुटार वाऱ्याने उडून जातं. नालीच्या काठाने आणि उतरंडीच्या दोन्ही बाजूंनी वाळा लावला, एक वीत अंतरावर ओळीत. हो, कूलरच्या ताट्यांचाच वाळा. त्याची मुळं सरळ खाली जातात, दोन-तीन मीटरसुद्धा, आणि ओळ दाट झाली की गाळ तिच्या मागे साचतो. काथ्याची जाळी फक्त सगळ्यात वाईट घळीवर परवडली.

जुलै २०२२ आठवत असेल, वर्धा नदीचा पूर. राजुऱ्याचा रस्ता बंद, पाच दिवस मी साइटवर जाऊ शकले नाही. झोप नाही. सहाव्या दिवशी गेले तर एक उतरंड उखडलेली, बाकी तीन जागच्या जागी, आणि उतारावर बोटभर उंच हिरवं. मी तिथेच दगडावर बसले. मामा म्हणाले, "आता फोटो काढा ना." मी नाही काढला.

उखडलेली उतरंड का गेली तेही सांगते, तिच्या खाली मी गॅबियन वाचवला होता, दगड कमी पडले म्हणून. पाणी पायथ्याशी खणत गेलं आणि मग वरचं पिचिंग ओघळलं. पायथा आधी बांधा.

सप्टेंबरमध्ये गज मोजले. मागच्या पावसाळ्याचे आकडे माझ्याकडे नव्हते, पण ज्या तुकड्यावर मुद्दाम काहीच न करता सहा गज ठेवले होते तिथे सरासरी ७ सेंटिमीटर उघडे, गवताच्या भागात सव्वा. असा एक तुकडा सोडा नक्की, नाहीतर पाऊसच कमी होता असं म्हणायला लोक मोकळे.

झाडं मग २०२३ च्या जूनमध्ये लावली, गवतातच छोटी आळी करून. करंज, कडुनिंब, शिसू, खैर, सीताफळ, बांबू खालच्या ओलीत. सुबाभूळ लावा असा आग्रह होता, लवकर हिरवं दिसतं म्हणून. मी थोडीच लावली, कडेला, कारण ती एकदा पसरली की दुसऱ्या कुणाला जागा देत नाही. रोपांच्या मुळाशी मायकोरायझा आणि जुन्या करंजाखालची ओंजळभर माती, हे दुसरं फुकटचं आहे आणि मला वाटतं चांगलं काम करतं.

त्याआधी मार्चमध्ये आग लागली होती. गवत आलं म्हणजे वाळणार, आणि मोहफुलांचे दिवस, वेचायला सोपं जावं म्हणून खालचा पाला जाळतात. अर्धा हेक्टर जळलं. वाळा आठ दिवसांत पुन्हा फुटला, स्टायलो पावसात बियांवरून आला. पुढच्या वर्षी फेब्रुवारीतच जाळरेषा, म्हणजे आग पुढे जाऊ नये म्हणून गवत काढलेले पट्टे, काढल्या. आणि शेळ्या! कुंपणाला पैसे नव्हते, म्हणून खालच्या गावाशी बोलून ठरवलं की चराई बंद, पण कापून नेता येईल, नोव्हेंबरनंतर, पावती नाही पैसे नाहीत. यासाठी कंपनीची परवानगी लेखी मिळाली नाही, तोंडी मिळाली. त्यानंतर शेळी दिसली की गावातलीच माणसं ओरडायला लागली.

वाघाचं पण सांगते, कारण विचारतात. हो, आहे. गाळटाकीच्या चिखलात पावलं दोनदा दिसली. सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी पाचनंतर काम नाही, एकटीने गवतात वाकायचं नाही, एवढं आम्ही पाळलं.

ऑक्टोबर २०२४ ची संयुक्त मोजणी, दोन दिवस चालली. जिवंत झाडं ८३ टक्के. शेलच्या पट्ट्यावर अजूनही निम्मीच आहेत आणि तिथलं गवतही विरळ आहे, ते मी रिपोर्टमध्ये तसंच लिहायला लावलं. हिशोब केला तर पहिल्या वर्षाचा तोटा भरून निघून हातात फार काही उरलं नाही, बायकांची मजुरी मात्र पूर्ण गेली, खात्यात. अनामत दहा टक्के अजून अडकलेली आहे, ती सुटायला सहा महिने तरी लागतील असं अकाउंट्सवाले म्हणाले, आणि ते सहा म्हणतात तेव्हा मी दहा धरते.

कपाशीवाल्या आजोबांकडे नोव्हेंबरमध्ये गेले होते. यावर्षी गाळ आला नाही म्हणाले, मग लगेच, पण रानडुकरं वाढली तुमच्या गवतामुळे. ते खरंच असेल. त्याचं काय करायचं ते मला सुचलेलं नाही अजून.